पेठ रस्त्याचं पंचांग

नाशिक शहरात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून वायव्येला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर असलेल्या पेठेत तोच पाऊस २,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. गाडीनं गेलं तर अंतर दीड तासाचं. या दीड तासात आपण सह्याद्रीचा माथा ओलांडतो. अलीकडे पडलेलं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराची वाट धरतं, पलीकडचं दमणगंगा आणि पार या नद्यांतून अरबी समुद्राकडे उतरतं. पाण्याची दिशा फिरते तशी ताटातली भाकरीही बदलते. बाजरी आणि गहू मागे राहतात, नागली आणि भात सुरू होतो. काळ्या जमिनीवरच्या द्राक्षबागा संपतात आणि डोंगरउतारावरची लहान लहान वावरं दिसू लागतात.

नाशिककरांची खाण्यासाठी गाडी काढण्याची हौस मोठी आहे. रविवार उजाडला की मखमलाबाद, गंगापूर, सातपूरच्या बाजूला मिसळीसाठी रांगा लागतात. चुलीवरची मिसळ, काळा रस्सा, सोबत पापड, दही, कांदा-लिंबू आणि पाव. ही मिसळ आता शहराची ओळख झाली आहे आणि तिचं कौतुक रास्तच आहे. पण मिसळ बारा महिने तीच असते. पौषात गेलं काय, श्रावणात गेलं काय, तर्रीचा रंग बदलत नाही. त्याच शहराच्या पंचवटीतून निघणारा पेठ रस्ता मात्र दर पंधरवड्याला नवं काहीतरी पुढे करतो. इथे काय खायचं ते पाऊस ठरवतो, जंगल ठरवतं आणि त्या जंगलाची खडान्‌खडा माहिती असलेली माणसं ठरवतात. हा रस्ता मला पंचांगासारखा वाटत आला आहे; आज कोणती तिथी आहे ते पाहूनच त्याच्याकडे जावं.

शहर सुटताना

पेठ रस्ता सुरू होतो तो बाजार समितीच्या आवाराला लागून. पहाटे इथे भाजीपाल्याच्या आणि फळांच्या गाड्या उभ्या असतात आणि दिवस वर येईपर्यंत मुंबईच्या दिशेनं माल निघूनही गेलेला असतो. शहर मागे पडलं की उजव्या हाताला रामशेज दिसतो. आशेवाडीच्या डोक्यावरचा हा छोटासा किल्ला १६८२ नंतर मुघल फौजांसमोर काही वर्षं झुंजत राहिला. त्याच्या पायथ्यापासून पुढे दिंडोरी तालुक्यातली द्राक्षं आणि टोमॅटो सुरू होतात. डाव्या अंगाला, हरसूलच्या रस्त्यावर गिरणारे आहे. हंगामात तिथला टोमॅटोचा बाजार इतका भरतो की रस्त्यावर क्रेटशिवाय दुसरं काही दिसत नाही.

या पट्ट्यात खाण्याच्या जागा बऱ्याच आहेत: ढाबे, वडापावच्या टपऱ्या, द्राक्षांच्या दिवसांत बांधावरच मांडलेली विक्री. पण इथपर्यंतची चव शहराचीच असते. उमराळे मागे पडलं, शेतांचा सपाटपणा संपला आणि सावळघाट लागला की चव बदलते.

राष्ट्रीय महामार्ग ८४८ हा या रस्त्याचा सरकारी क्रमांक. नाशिकहून पेठ, तिथून गुजरातच्या हद्दीत कपराडा आणि पुढे पारडीजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्ग. गुजरातची बंदरं आणि कारखाने यांच्याकडे जाणारे अवजड ट्रक याच वाटेनं जातात. सावळघाट आणि कोटंबी घाट हे दोन्ही वळणावळणाचे चढउतार आहेत. पावसाळ्यात धुकं इतकं दाटतं की समोरच्या ट्रकचा मागचा दिवाच काय तो दिसतो, दरडीचं भयही असतं. म्हणून इथे यायचं तर सकाळी लवकर निघावं, घाटात गाडी थांबवण्याचा मोह टाळावा आणि उजेड असतानाच परतावं. करंजाळीसारख्या गावांत, रस्ता रुंद आहे तिथे, गाडी बाजूला लावून निवांत उतरता येतं. खरी बाजारपेठही तिथेच असते.

मृगाची भाजी

जूनचा पहिला पाऊस झाला की आठवडाभरात जमिनीतून शेवळं वर येतात. पान फुटण्याआधी आलेला हा सुरणाच्या कुळातला कोंब जांभळट-तपकिरी, टोकदार असतो. तो पंधरा-वीस दिवसच मिळतो. तसाच शिजवला तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडाची आंबट फळं ठेचून घालतात. काकड नाही मिळालं तर चिंच. ही खाज आणि तिचा उतारा एकाच जंगलात, एकाच पंधरवड्यात मिळतात आणि दोन्ही एकाच टोपलीतून विकायला येतात. ठाणे-रायगडकडच्या सीकेपी घरांत हीच शेवळं कोलंबीच्या सोड्यांबरोबर शिजतात आणि त्यासाठी वर्षभर वाट पाहिली जाते. पेठेच्या बाजूला ती मीठ-मिरची आणि थोड्या तेलात होतात, सोबत नागलीची भाकरी.

शेवळं संपता संपता तेरा येतो. अळूसारखं दिसणारं हे रानटी पान. डांग आणि त्याला लागून असलेल्या कोकणा, वारली वस्त्यांत या पानाचा सण असतो. देवाला दाखवून, गावानं मिळून पहिला तेरा खाल्ल्याशिवाय कुणी तो घरी शिजवत नाही. पान पुरतं वाढायच्या आत ओरबाडलं जाऊ नये याची काळजी या रिवाजातून आपोआप घेतली जाते. जंगल जपण्याचे नियम कागदावर यायच्या कितीतरी आधी ते इथे चुलीवर पाळले जात होते.

मग जुलै. कुर्डूची कोवळी पानं, भारंगी, कवला, टाकळा, चाईचा मोहर. बांबूचे कोंब किसून पाण्यात भिजत घालायचे, पाणी बदलायचं, कडूपणा गेला की शिजवायचं. ही पायरी चुकवून चालत नाही, कारण कच्च्या कोंबात विषारी अंश असतो. अळिंबी वारुळांवर उगवते. कोणती खायची आणि कोणतीला हातही लावायचा नाही, हे ज्ञान घरातल्या म्हाताऱ्या बायकांकडे असतं आणि त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. श्रावणाच्या सुमारास कर्टुली येतात. काटेरी दिसणारी ही हिरवी फळं आता नाशकात भलत्या भावानं विकली जातात. वेलीचा कंद जमिनीत जिवंत राहतो आणि पुढच्या पावसात तिथेच पुन्हा फुटतो; म्हणून कुठल्या बांधावर कुठली वेल आहे हे प्रत्येक घराला पाठ असतं.

याच दिवसांत ओढ्यांना चढणीचे मासे लागतात. भातखाचरांतले खेकडे गवताच्या काडीनं बांधून रस्त्याकडेला टांगलेले दिसतात. बाजारात सुकट आणि बोंबीलही असतात. समुद्र इथून दूर आहे, पण घाटाखालची वाट जुनी आहे आणि मीठ-मासळी त्याच वाटेनं वर येत राहिली आहे. पेठ हे एके काळी स्वतंत्र संस्थानच होतं. १८५७ च्या उठावात इथल्या भगवंतराव निळकंठरावांना इंग्रजांनी फाशी दिली आणि १८७८ मध्ये संस्थान खालसा झालं. घाटमाथा आणि गुजरातचा किनारा यांच्या मधोमध असण्याचं मोल त्या काळीही सगळ्यांना ठाऊक होतं.

रस्त्यावरची विक्री वाट्यांवर चालते. पळसाच्या किंवा सागाच्या पानावर भाजीचे लहान ढीग लावलेले असतात. "मावशी, कसा दिला वाटा?" असं विचारलं की आकडा येतो, आणि शहरातून आलेला माणूस सवयीनं तो निम्म्यावर आणू पाहतो. ती भाजी तिनं पहाटे जंगलात शिरून, चिखल-काट्यांतून, सापाकिरड्यांच्या वाटेवरून गोळा केलेली असते. निवडून, धुऊन, डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणलेली असते. त्या वाट्यात खत नाही, औषध नाही, पण पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. कॉफीच्या एका पेल्याला हसत हसत दोनशे रुपये मोजणाऱ्यांनी इथे पाच रुपयांसाठी घासाघीस करावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अलीकडच्या वर्षांत कृषी विभाग ९ ऑगस्टच्या, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. त्यातून शहरातल्या लोकांना नावं कळतात, कृती कळतात, हे चांगलंच आहे. मात्र मागणी वाढली की ओरबाडणंही वाढतं. तेऱ्याच्या सणानं जो संयम शिकवला तो ग्राहकानंही शिकायला हवा.

नागलीचा डोंगर

पेठेचं खरं अन्न नागली. कोकणात जिला नाचणी म्हणतात तीच. एप्रिल-मेमध्ये पालापाचोळा, फांद्या, गवत, शेण यांचे थर जमिनीच्या तुकड्यावर पसरून ते पेटवतात. हा राब. त्यानं तण मरतं आणि राखेचं खत मिळतं. पावसाच्या तोंडावर त्यात बी टाकायचं, रोपं वीतभर झाली की भर पावसात वाकून उतारावर त्यांची आवणी करायची. जमीन हलकी, उतार तीव्र. म्हणून एका वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी किंवा उडीद असा फेर धरतात. नांगर जाणार नाही अशा जागी कुदळीनंच काम होतं.

या फेरातली वरई म्हणजे आपल्या उपवासाची भगर. नाशिक शहर भगरीच्या गिरण्यांसाठी ओळखलं जातं आणि इथून ती दूरवर जाते. नवरात्रात, एकादशीला पुण्या-मुंबईच्या घराघरांत जी भगर शिजते तिचं नातं अशा उतारांशी आहे. खुरासणीची चटणी हा भाकरीचा जोडीदार. खुरासणी भाजून, लसूण-मिरची-मीठ घालून कुटली की तिचं तेल सुटतं आणि कोरड्या भाकरीला वेगळ्या तेलाची गरज राहत नाही. त्याच्या जोडीला भाजलेल्या काळ्या उडदाची, सालासकट शिजवलेली दाट आमटी. डोंगरात दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या पोटाला आधार देणारं हे जेवण आहे.

भाकरी करणं सोपं नाही. नागलीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढावी लागते, ती गरम असतानाच मळावी लागते. मग तळहातावर किंवा परातीत थापून तव्यावर. पहिल्या वाफेला रंग विटकरी असतो, भाजली की काळसर होतो आणि वास येतो तो ओल्या मातीच्या जवळचा. गरम असतानाच ती खावी. पेठ-करंजाळीच्या बाजूला लहान खाणावळींत आधी सांगितलं तर अशी भाकरी मिळू शकते. थांबायची तयारी हवी, कारण ती मागणीनंतर थापली जाते.

१०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हाच्या जवळपास आठपट. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं. त्या वर्षी नागलीची बिस्किटं, नागलीचे केक, नागलीचं सत्त्व यांची दुकानांत रेलचेल झाली. केंद्र सरकारनं २०२४-२५ साठी नागलीला क्विंटलमागे ४,२९० रुपये हमीभाव जाहीर केला. पण उतारावरच्या घरात नागली आधी वर्षभराच्या भाकरीसाठी कणगीत जाते. उरलेली चार पायली विकण्यासाठी खरेदी केंद्र गाठणं त्या घराला जमत नाही. ती बाजारच्या दिवशी हाती येईल त्या भावाला जाते. दुसरीकडे रेशनवर तांदूळ-गहू मिळतो, मजुरीत रोख पैसा मिळतो आणि आवणीपासून झोडणीपर्यंत सगळं हातानं करावं लागणारं हे पीक घराघरांतून मागे सरकतं. इंद्रायणी भाताला शहरात मागणी आहे, म्हणून खाचराची जागा असेल तिथे भात वाढतो. इंद्रायणी हे मावळातल्या वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये बाहेर आलेलं वाण. त्याचा वास, मऊपणा सगळ्यांना आवडतो. पण उतारावर भात उभा राहत नाही. तिथे नागलीच हवी. ती गेली तर तो उतार पडीक होणार.

नाशिकच्या जुन्या घरांनी या धान्याशी एक नातं टिकवलं आहे, ते पापडाचं. नागली भिजवून, वाळवून, दळून, पीठ वस्त्रगाळ करून, पापडखार घालून उकड काढायची आणि लाटायचं. भाजला की हा पापड हलका आणि खुसखुशीत होतो. पेठ-सुरगाण्यातले महिला बचत गट हे पापड करतात. ते बचत गटाकडून थेट घ्यावेत. पैसा त्या डोंगरापर्यंत पोचतो.

वाघबारस

शहरात वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. त्याच दिवशी पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात वाघबारस असते. गुराखी रानात वाघोबाच्या ठाण्यावर जमतात, तिथेच शिजवतात, गुरांना आणि माणसांना वाघानं सांभाळावं म्हणून मागणं मागतात. ज्यानं आपलं गुरू उचलून नेलं असेल त्यालाच नैवेद्य दाखवायचा, ही जंगलाशी जुळवून घेण्याची रीत आहे. नव्या धान्याला आधी कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची पूजा. मगच ते घरात शिजतं. शेजारच्या जव्हार-मोखाड्यातल्या वारली घरांत या दिवसांत चवळीच्या शेंगा आणि करांदे, कणगी हे कंद उकडतात. काकडी, तांदळाचं पीठ आणि गूळ एकत्र करून चाईच्या पानात वाफवलेल्या सावेळ्या होतात. चकली-करंजीच्या दिवाळीला समांतर अशी ही उकडलेल्या कंदांची आणि वाफवलेल्या पानांची दिवाळी आहे. तळणीचं तेल विकत आणावं लागतं. कंद आणि पानं रानात असतात.

पुढे थंडी पडली आणि रस्ता आणखी खाली धरला तर धरमपूर-वलसाडकडे उंबाडियुं मिळतं. मातीच्या मडक्यात पापडी, कंद, हिरवा मसाला आणि रानपाला भरून, मडकं उलटं ठेवून भोवती आग लावतात. रायगडच्या पोपटीचं हे सख्खं भावंड. राज्याची हद्द ओलांडली तरी डोंगराची जेवणाची रीत तुटत नाही.

दिवाळी झाली की पेठेतून माणसं निघतात. कुटुंबंच्या कुटुंबं दिंडोरी, निफाडकडे जातात, द्राक्षबागांत मजुरीला. ऑक्टोबरची गोडबार छाटणी, मग फेलफूट काढणं, विरळणी, घडांचं डिपिंग, शेवटी काढणी. युरोपात जाणाऱ्या द्राक्षाचा घड सुबक, एकसारख्या मण्यांचा दिसतो तो या हातांमुळे. गावोगावच्या मजूर अड्ड्यांवर पहाटे जी गर्दी दिसते तिच्या गठुळ्यात नागलीची भाकरी असते. नाशिकच्या वाईनचं, द्राक्षांचं, टोमॅटोचं वैभव अशा रीतीनं त्याच डोंगरावर उभं आहे, ज्याच्याकडे आपण मौजेची सहल म्हणून पाहतो.

पाणी आणि वाडी

फाल्गुन सरला की रस्त्याचा रंग उडतो. २,००० मिलिमीटर पावसाच्या तालुक्यात बायका हंडे घेऊन दऱ्या उतरतात. कारण साधं आणि कठोर आहे. खाली बसाल्टचा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार. पडलेलं पाणी मुरत नाही, ते दमणगंगेतून मधुबन धरणाकडे आणि समुद्राकडे निघून जातं. पाऊस भरपूर आणि पाणी नाही, अशी ही गाठ आहे.

तरीही हाच फळांचा हंगाम. करवंदं, तोरणं, आळू, जांभळं आणि रायवळ आंबे. पानांच्या द्रोणांत भरून मुलं ती रस्त्यावर घेऊन उभी असतात. अलीकडे त्यांच्यात केसर आंबा आणि काजूही दिसतात. त्यामागे बाएफ या संस्थेचं काम आहे. मणिभाई देसाई यांनी उभारलेल्या या संस्थेनं १९८० च्या दशकात दक्षिण गुजरातच्या वांसद्यात वाडी कार्यक्रम सुरू केला. आदिवासी कुटुंबानं आपल्या एक एकरभर जमिनीत आंबा, काजू लावायचे, कडेनं बांबू, सागासारखी झाडं लावायची, मधल्या जागेत धान्य घेत राहायचं. तोच कार्यक्रम संस्थेच्या मित्रा या शाखेमार्फत नाशिकच्या आदिवासी तालुक्यांत आला. पहिली काही वर्षं खांद्यावरून पाणी वाहून जगवलेली झाडं आज घराला उत्पन्न देतात आणि काही घरांना मजुरीसाठी बाहेर जाण्यापासून वाचवतात. मे महिन्यात या रस्त्यावर आंबा घेताना आपण ते वाहिलेलं पाणीही विकत घेत असतो.

या सगळ्याचा पाया जमिनीवरचा हक्क आहे. नागलीचे कितीतरी उतार वनजमिनीत येतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानं कसणाऱ्याला त्यावर अधिकार दिला, पण दावे वर्षानुवर्षं रेंगाळले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या शेतकऱ्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरीची माणसं मोठ्या संख्येनं होती आणि वनपट्ट्यांची मागणी त्यांच्या मागण्यांत अग्रभागी होती. ज्यांच्या पायांचे फोड त्या वेळी देशानं पाहिले, तेच लोक आपल्याला शेवळं आणि करवंदं विकतात.

खाणाऱ्याचं देणं

सुरत-चेन्नई द्रुतगती महामार्गाची आखणी सुरगाणा, पेठ, दिंडोरीतून झाली होती. असा रस्ता झाला तर डोंगर ओलांडायला मिनिटं पुरतील. वेगाच्या रस्त्यावर वाटा लावून बसता येत नाही, टोपली घेऊन उभं राहता येत नाही. जुन्या रस्त्याचं काय करायचं हे बऱ्याच अंशी आपण, म्हणजे खाण्यासाठी गाडी काढणारे लोक, ठरवणार आहोत.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. जे त्या पंधरवड्यात आहे तेच मागावं. श्रावणात शेवळं मागू नयेत आणि शेवळाच्या दिवसांत कर्टुल्यांचा हट्ट धरू नये. सांगितलेला भाव द्यावा. नाव माहीत नसलेली भाजी दिसली तर ती कशी शिजवायची हे विकणारीलाच विचारावं, कारण त्या भाजीचं सगळं शास्त्र तिच्याकडे आहे. घरच्या पिठात महिन्याला दोन किलो नागली लावावी आणि ती शक्य असेल तर पेठ-सुरगाण्याच्या गटाकडून घ्यावी. उपवासाची भगर, सणाचा पापड, उन्हाळ्याचा आंबा हे सगळं एकाच डोंगरातून येऊ शकतं. शहरातली लाखभर घरं असं खाऊ लागली तर उतारावर नागली उभी राहील आणि दिवाळीनंतर गठुळं बांधणाऱ्या काही घरांना आपल्याच वावरात थांबता येईल. पेठ रस्त्यानं आजवर नाशिकला मजूर दिले, भाज्या दिल्या. त्याला योग्य भाव मिळवून देणं आपल्या हातात आहे आणि त्याची सुरुवात एका भाकरीपासून करता येते.